तीन आठवड्यांचा कार्ल

संपादकांचा फोन आला तेव्हा मृग कोरडा गेला होता आणि नांदेडात जो तो आभाळाकडं बघून बोलत होता. यंदाच्या अंकाचा विषय 'दुसऱ्या फळीतली माणसं'. "नायक नको," ते म्हणाले, "नायकाला पाणी आणून देणारा हवा." ब्रँडी आणून देणारा चालेल का, असं मी विचारलं. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "चालेल. पण मराठवाड्याशी त्याचा काहीतरी संबंध लावा. अंक लातुरात छापतोय आपण."

संबंध लावायचा तर त्या ब्रँडीवाल्याला लॅपटॉपवर घेऊन माणसांत जावं लागणार होतं. नांदेड आणि लातूरमध्ये हौशी नाटक करणारी, त्यातही विनोदी दुय्यम भूमिका करणारी मंडळी मला ठाऊक होती. पावसाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या संहितांची वाचनं सुरू होतात. संध्याकाळी सातनंतर ही माणसं एखाद्या शाळेच्या वर्गात हमखास सापडतात. त्यांना एक प्रवेश दाखवायचा आणि ते काय बघतात ते बघायचं, एवढीच माझी तयारी होती.

तिसरा ग्लास

सिनेमा 'कॅसाब्लांका', १९४२ सालचा. त्यातले हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन सगळ्या जगाला माहीत आहेत. आपला माणूस त्यांच्या मागं टेबलांमधून फिरतो. रिकच्या कॅफेतला हेडवेटर कार्ल. गोल चेहरा, नाकावर चष्मा, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि गाल असे की मान हलायची थांबली तरी ते हलत राहतात. नट हंगेरीचा, एस. झेड. साकॉल.

प्रवेश दीड-दोन मिनिटांचा. एक म्हातारं निर्वासित जोडपं दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघालंय. कागदपत्रं एकदाची हाती आलीत. कार्ल ब्रँडी घेऊन येतो. आजोबा म्हणतात, बसा, आमच्याबरोबर एक घोट घ्या. कार्ल सांगतो, तुम्ही बोलावणार हे मला माहीत होतं, म्हणून चांगल्यातली ब्रँडी आणलीय. आणि तिसरा ग्लासही. मग आजोबा-आजी आपलं नवं इंग्रजी दाखवतात. अमेरिकेत परकं वाटू नये म्हणून आता दोघं इंग्रजीतच बोलतात. आजोबा किती वाजले ते विचारतात, आजी सांगते, आणि दोन्ही वाक्यं अशी मोडकी की इंग्रजी येणाऱ्याला हसू आवरू नये.

वजिराबादेतल्या एका शाळेत, सातवीच्या बाकांवर बसून, आठ-नऊ जणांनी हा प्रवेश बघितला. दोघं शिक्षक, एक जण बँकेत, एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, दोन मुली विद्यापीठाच्या नाट्यविभागातल्या. इंग्रजी संवाद मी अधूनमधून मराठीत सांगत होतो. पहिला हशा आला तो तिसऱ्या ग्लासाला. दुसरा हशा मोडक्या इंग्रजीला येईल असं मला वाटलं होतं. तो आला, पण थोडा उशिरा, आणि हसणाऱ्यांची नजर त्या जोडप्याकडं नव्हतीच.

"परत लावा," मोबाईलवाला म्हणाला. "ह्यो बाबा काय करायलाय ते बघू."

परत लावलं. ह्यो बाबा काहीच करत नव्हता. तो ऐकत होता. समोर दोन म्हातारी माणसं चुकतायत हे त्याला कळतंय, हे आपल्याला कळतं. पण त्यांना कळू नये याची काळजी तो चेहऱ्यानं घेतोय, हेही कळतं. भुवया किंचित वर जातात, डोळे एकाकडून दुसऱ्याकडं फिरतात, आणि मग तो अगदी मनापासून ग्वाही देतो की तुमचं अमेरिकेत झकास चालणार. हसू त्या ग्वाहीवर फुटतं. बाकांवरच्या मंडळींनी नेमकं तेच पकडलं होतं. नाट्यविभागातली एक मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला रिअ‍ॅक्शन द्या म्हणतात तेव्हा आम्ही तोंड करतो. हा ऐकतोय फक्त." शिक्षकांपैकी एकानं लगेच तिला आठवण करून दिली की मागच्या वर्षी तिनंच सगळ्यात जास्त तोंड केलं होतं.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी प्रवेश दोनदा बघून झाल्यावर सांगितली. ते म्हातारं जोडपं झालेले लुडविग श्टोसल आणि इल्का ग्रुनिंग हे दोघंही खरोखरीच युरोपातून परागंदा झालेले नट होते. कार्लही. जुगाराच्या टेबलावरचा माणूस झालेला मार्सेल दालिओ तीन वर्षांपूर्वी ज्याँ रन्वारच्या चित्रपटात प्रमुख भूमिकेत होता. इथं त्याच्या वाट्याला मोजकी वाक्यं आली. खिसेकापू कुर्ट बोआ बर्लिनचा नावाजलेला विनोदी नट. नाझी मेजर झालेला कॉन्राट फाइट स्वतः जर्मन, पण बायको ज्यू म्हणून देश सोडून आलेला. हॉलिवूडनं त्याला नाझीच करायला लावलं. नामावलीत नाव असलेल्यांपैकी अमेरिकेत जन्मलेले नट फक्त तीन. बाकी सगळा कॅफे बाहेरून आलेला.

बाकांवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग बँकवाले म्हणाले, "म्हणजे छावणीच की."

नांदेडमध्ये हा शब्द कोणी उगाच वापरत नाही. १९४७-४८ साली रझाकारांच्या काळात निजामाच्या हद्दीतून हजारो कुटुंबं पलीकडं गेली. उमरखेड, बार्शी अशा हद्दीपलीकडच्या गावांत छावण्या उभ्या राहिल्या. काही जण तिथून लढत होते, बाकीचे वाट बघत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि लोक परतले. इथल्या बऱ्याच घरांत एखादी तरी आजी 'आम्ही छावणीला होतो तेव्हा' असं वाक्य सुरू करायची. कॅसाब्लांकामध्ये कागदांची वाट बघत बसलेली माणसं या लोकांना समजावून सांगावी लागली नाहीत.

बुडापेस्टचा पोरगा, बर्लिनचा बाबा

साकॉलचा जन्म बुडापेस्टचा, १८८३ चा, ज्यू घरातला. पोरवयातच तो तिथल्या विनोदी रंगमंचांसाठी प्रहसनं लिहून द्यायला लागला. मोठा दिसावा म्हणून दाढी वाढवली आणि दाढीवरूनच नाव घेतलं: स्योके साकाल, म्हणजे सोनेरी दाढीवाला. दाढी पुढं गेली, नाव राहिलं. हॉलिवूडनं त्यातल्या पहिल्या नावाची एस. झेड. अशी दोन अक्षरं केली.

पहिल्या महायुद्धानंतर तो व्हिएन्ना आणि बर्लिनच्या रंगमंचावर आणि पडद्यावर रुळला. बोलपट आले तेव्हा जर्मन सिनेमात संगीतिकांची लाट होती, आणि अशा सिनेमात गोंधळलेला थिएटरमालक, चिडका बाप, भोळा सासरा यांची गरज पडतेच. १९३० च्या एका गाजलेल्या वॉल्ट्झपटात तो असाच थिएटरचा संचालक होता. १९३१ मध्ये त्यानं एका जर्मन चित्रपटात बापाची भूमिका केली. त्याच साली अमेरिकेत त्या चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा साकॉलची भूमिका डब्ल्यू. सी. फील्ड्सनं केली. फील्ड्स म्हणजे त्या काळातला अमेरिकेतला अव्वल विनोदी नट. हॉलिवूडला साकॉल माहीत होण्याआधी त्याचं काम तिथं पोचलं होतं.

१९३३ मध्ये हिटलर आला आणि बर्लिनचं दार बंद झालं. साकॉल हंगेरीला परतला. काही वर्षांनी तिथंही ज्यूंवर बंधनं आली. तेव्हा अमेरिकेत निर्माता असलेला जो पास्टरनॅक उपयोगी पडला. तोही मूळचा त्याच मुलखातला आणि साकॉलच्या बायकोच्या नात्यातला. १९४० साली साकॉल हॉलिवूडमध्ये होता. वय सत्तावन्न. हंगेरियन आणि जर्मन रंगमंचावर आयुष्य घासलेला माणूस, आता इंग्रजीत हशे काढायचे.

विनोदी नटाचं सगळं भांडवल भाषेत असतं. गंभीर नट परक्या भाषेत गप्प बसून गूढ वाटू शकतो. विनोदी नट गप्प बसला तर प्रेक्षक चुळबुळतो. शब्दाचा ठोका अर्ध्या क्षणानं चुकला की हशा गेला. साकॉलनं यावर जो उपाय काढला तो मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वात हुशार भाग वाटतो. त्यानं भाषेची अडचण लपवली नाही, ती पात्राला देऊन टाकली. त्याची पात्रं इंग्रजीत अडकतात, शब्द शोधतात, सापडत नाही म्हणून स्वतःवरच वैतागतात, आणि शेवटी दोन्ही तळहात गालांवर दाबून धरतात. गाल थरथरतात. वाक्य पूर्ण होत नाही, हशा पूर्ण होतो.

१९४५ च्या 'ख्रिसमस इन कनेटिकट'मध्ये तो फेलिक्स नावाचा आचारी आहे. बार्बरा स्टॅनविकची नायिका मासिकात घरगुती स्वयंपाकावर लिहिते आणि तिला अंडंही उकडता येत नाही. पाककृती सगळ्या फेलिक्सच्या. मासिकाच्या मालकाला खोटं कळू नये म्हणून फेलिक्सला खेड्यातल्या घरी आणतात. तिथल्या आयरिश कामवालीचा रस्सा चुलीवर रटरटतोय आणि हा तिची पाठ वळली की त्यात पापरिका, म्हणजे हंगेरीची लाल मिरची पूड, टाकून मोकळा होतो. पापरिका टाकून तो मागं सरतो, भांड्याकडं बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर घरी पोचल्याचं समाधान येतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपलं तिखट टाकायची ही खोड मराठवाड्यातल्या, पुण्याला भाड्यानं राहणाऱ्या कुठल्याही पोराला ओळखीची वाटेल.

चार मागितले, तीनवर पटलं

लातूरला गंजगोलाईत सकाळी दहाच्या आत पोचलं तरच माणसांशी बोलता येतं. नंतर सोळा रस्त्यांची गर्दी गोलाईत उतरते. मला भेटायचं होतं त्यांची नोकरी मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात, दिवाणजी म्हणून. स्पर्धेच्या नाटकांत ते गेली पंचवीस-तीस वर्षं म्हातारा नोकर, कंजूष मामा, बहिरा तात्या करतायत. तुरीची आवक कमी होती म्हणून त्यांना वेळ होता. दुकानाच्या ओट्यावर पोत्याला टेकून त्यांनी माझ्या लॅपटॉपवर कार्लला बघितलं. हसले नाहीत. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"ह्याला पैसे किती दिले?"

सुदैवानं हा हिशेब चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेला आहे. वॉर्नर ब्रदर्सनं कार्लची भूमिका देऊ केली तेव्हा साकॉलनं आधी नाही म्हटलं. मग त्यानं अट घातली, चार आठवड्यांच्या कामाची हमी द्या. स्टुडिओ तयार नव्हता. घासाघीस होऊन तीन आठवड्यांवर पटलं. आठवड्याला १,७५० डॉलर, एकूण ५,२५०. त्याच चित्रपटात असलेले पीटर लॉरी आणि सिडनी ग्रीनस्ट्रीट हे दोघं त्याच्याहून मोठ्या नावाचे. पण पडद्यावरचा वेळ मोजला तर साकॉल दोघांपेक्षा जास्त दिसतो.

दिवाणजींनी मान हलवली. "बरोबर केलं त्यानं. भाव वाढवून मागितला नाही, दिवस वाढवून मागितले. भावात मालक ऐकत नाही कधी."

स्टुडिओच्या अर्थकारणाची इतकी नेमकी फोड मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. त्या काळातल्या हॉलिवूडमध्ये स्टुडिओ म्हणजे कारखाना होता. तारे अनेक वर्षांच्या करारावर. कॅमेरामन, शिंपी, सुतार पगारावर. मधल्या फळीतले नट आठवड्याच्या दरावर. दर नटाच्या नावावर ठरलेला असायचा आणि तो सहसा हलायचा नाही. हलायचे ते आठवडे. म्हणून निर्मितीखात्याचं सगळं डोकं या नटाचे प्रवेश एकत्र गोळा करून त्याला पंधरा दिवसांत मोकळं करण्यात जायचं, आणि नटाचं डोकं आठवडे लांबवण्यात. शिवाय कॅफेचा हेडवेटर म्हणजे जवळपास प्रत्येक कॅफेप्रवेशात मागं कुठंतरी लागणारच. साकॉलला हे कळलं असणार. हमी मिळाली की काम निघालं काय, न निघालं काय, पैसे पक्के.

दिवाणजींचा स्वतःचा अनुभव वेगळा. दोन-तीन मालिकांत त्यांनी एक-दोन दिवसांची कामं केली आहेत. आता ऑडिशन फोनवरच होते. व्हॉट्सॲपवर मजकूर येतो: नाव, वय, उंची सांगा, डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवा, दिलेल्या चार ओळी म्हणा. भिंतीला पांढरी चादर लावून मुलगा शूट करतो. निवड झाली तर रात्रीच्या गाडीनं मुंबई. दिवसावर पैसे, आणि ते हाती पडायला तीन महिने. "एकदा तर," ते म्हणाले, "मी गेलो, मेकप झाला, दिवसभर बसलो, आणि संध्याकाळी सांगितलं की सीन उडाला. पैसे दिले, खोटं कशाला बोलू. पण गावात सांगून गेलतो ना."

सीन उडाला तरी पैसे, ही हमी मात्र ऐंशी वर्षांनंतर तोंडीच आहे.

कुठल्या गावचं बोलायचं?

दिवाणजींना दर वेळी एकच सूचना मिळते: जरा गावाकडचं बोला. ते लातूरचं बोलतात. 'काय करायलास', 'कामून आलास', 'गेलतो', 'आलतो'. मग समोरचा सांगतो, तसं नाही, 'गावाकडचं' बोला. म्हणजे 'रं', 'गं', 'व्हय जी', 'काय वो पावनं'. थोडक्यात सांगायचं तर कोल्हापूरचं बोला.

यामागं इतिहास आहे आणि तो सरळ आहे. मराठी सिनेमाचे स्टुडिओ कोल्हापूर आणि पुण्यात वाढले. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा कोल्हापुरातच राहिला. ग्रामीण चित्रपटांना लागणारे घोडे, पैलवान, तमाशाचे फड आणि दुय्यम नट, सगळं पंचगंगेच्या आसपास मिळत होतं. त्यामुळं पडद्यावरचं 'गाव' म्हणजे तो मुलूख झाला आणि त्याची बोली हीच ग्रामीण मराठी ठरली. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी भाषा उर्दू, उच्च शिक्षण उर्दूतून. नांदेडच्या एका टोकाला देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, लातूरच्या टोकाला उदगीर-निलंग्याकडं कानडी, आणि बाजारात सगळीकडं दखनी. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तोपर्यंत मराठी सिनेमाचा कान तयार होऊन बसला होता.

हॉलिवूडचा कानही असाच. हंगेरियन, ऑस्ट्रियन, जर्मन, झेक यांच्या इंग्रजीतला फरक त्या माणसांना स्वतःला स्पष्ट ऐकू येत होता. अमेरिकन निर्मात्याला सगळे एकच. साकॉल हंगेरियन, पण त्याच्या वाट्याला कार्ल, फेलिक्स, ओटो. १९४९ च्या 'इन द गुड ओल्ड समरटाइम'ची गोष्ट मुळात बुडापेस्टच्या एका दुकानात घडणाऱ्या नाटकाची. ती उचलून शिकागोला नेली, दुकानाचं वाद्यांचं दुकान केलं, नायिका जूडी गार्लंड, आणि मालक ओटो म्हणजे साकॉल. अख्ख्या बुडापेस्टमधून अस्सल म्हणावं असं तो एकटाच उरला होता, आणि त्याचं नाव जर्मन.

मराठवाड्याची बोली मोठ्या पडद्यावर ठसठशीत ऐकू आली ती मकरंद अनासपुरेंच्या तोंडून, आणि ती विनोद म्हणूनच आली. अनासपुरे मराठवाड्यातलेच, नाट्यशिक्षण औरंगाबादचं. २००५ साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'कायद्याचं बोला' केला. त्याचा मूळ अमेरिकन चित्रपट 'माय कझिन व्हिनी'. त्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा एक वकील दक्षिणेतल्या अलाबामाच्या कोर्टात उभा राहतो आणि त्याचे उच्चार, त्याचे कपडे, त्याचं सगळंच तिथल्या न्यायाधीशाला खटकतं. मराठीत तो वकील झाला केशव कुंथलगिरीकर. आडनाव धाराशिव जिल्ह्यातल्या, खव्या-पेढ्यांच्या कुंथलगिरीवरून. रूपांतर करणाऱ्यांनी ब्रुकलिनच्या जागी मराठवाडा बसवला, हे मला फार नेमकं वाटतं. प्रमाण भाषेच्या कोर्टात परका ठरायला आपल्याकडं सातासमुद्रापलीकडून यावं लागत नाही. देवगिरी एक्सप्रेसनं आलं तरी पुरतं.

वजिराबादेतल्या मंडळींशी यावर कडाक्याची चर्चा झाली. अनासपुरेंनी आपली भाषा मोठी केली की हसण्यावारी नेली? बँकवाले म्हणाले, आधी तर ती ऐकूच येत नव्हती. मुलींपैकी एकीचं म्हणणं वेगळं: "सर, मला ऑडिशनला रडायचा सीन होता. मी आपल्या भाषेत रडले तर ते हसले." यावर कोणाकडंच उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. पण अनासपुरेंनी त्या कमाईचं पुढं काय केलं तेही बघायला हवं. २०१५ मध्ये मराठवाडा दुष्काळात होरपळत होता, तेव्हा नाना पाटेकरांबरोबर त्यांनी 'नाम' ही संस्था उभी केली आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मदत दिली. त्या घरांत ते ज्या बोलीत बोलले तिला कोणी हसलं नाही.

लातूरचाच म्हणायचा तर रितेश देशमुख आहे. जन्म लातूरचा, घर बाभळगावचं, आणि हिंदीतल्या विनोदी चित्रपटांत पक्का बसलेला. पण तो पहिल्या फळीतला. संपादकांच्या विषयात बसत नाही.

आपला डेव्हिड चाचा

लातूरच्या एका जुन्या शिक्षकांनी साकॉल बघून विचारलं, "हा आपल्या डेव्हिडसारखा नाही का?" चपखल बोलले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच चौल. बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. वकिलीचं शिकलेले, १९३७ मध्ये सिनेमात आले. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा करून फिल्मफेअरचं पारितोषिक मिळवलं, १९६९ मध्ये पद्मश्री, आणि 'गोलमाल'मधले केदारमामा तर टीव्हीमुळं आजही घरोघर आहेत. टक्कल, बुटकी मूर्ती, डोळ्यांत मिश्कीलपणा. तेही शेवटी परदेशी, कॅनडात वारले.

साकॉल आणि डेव्हिड यांच्यात साम्य आहे ते धर्मापेक्षा जागेचं. दोघांनाही गोष्टीत स्वतःचं घर नसतं. दोघं दुसऱ्यांच्या पोरांचे काका. प्रेमिकांची भांडणं मिटवायची, खोटं झाकायला मदत करायची, आणि लग्नाच्या फोटोत कडेला उभं राहायचं. ह्या काकाला बायको का नाही, पोरं का नाहीत, दिवस मावळल्यावर तो कुठं जातो, हे पटकथा कधी विचारत नाही. प्रेक्षकही विचारत नाही. फरक एवढाच की डेव्हिडना हिंदी-उर्दू लोण्यासारखी येत होती. त्यांना अडखळण्याचं नाटक करावं लागलं नाही.

लाडाचं नाव

साकॉलचे गाल पाहून स्टुडिओमालक जॅक वॉर्नरनं त्याला 'कडल्स' नाव ठेवलं. कुशीत घ्यावंसं वाटणारं गुबगुबीत पोर, अशा अर्थाचं. नाव पडद्यावर नामावलीत आलं, जाहिरातीत आलं. साकॉलला ते फारसं आवडत नव्हतं. साठीच्या माणसाला मालकानं ठेवलेलं लाडाचं नाव. पण ते खपत होतं.

गालांवर हात मारण्याची लकबही तशीच. सुरुवातीला ती वाक्याच्या अडचणीतून आलेली दिसते. नंतरच्या चित्रपटांत वाक्यात अडचण नसली तरी हात गालांवर जातात, कारण प्रेक्षक त्यासाठीच थांबलेला असतो. एकामागून एक बघितले तर कंटाळा येतो, हे सांगायलाच हवं. 'लल्लबाय ऑफ ब्रॉडवे'पर्यंत येईस्तोवर त्याला वेगळं काही करायला कोणी दिलेलंच नाही. 'बॉल ऑफ फायर'मधला, विश्वकोश लिहिणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या घोळक्यातला साकॉल आणि दहा वर्षांनंतरचा साकॉल शेजारी ठेवले तर पहिल्यात कुतूहल जास्त आहे, दुसऱ्यात गाल जास्त.

आणि हे सगळं चालू असताना तिकडं युरोपात त्याच्या तिन्ही बहिणी छळछावण्यांत मारल्या गेल्या. एक भाचीही. बायकोचा भाऊ आणि बहीणही. युद्धाच्या वर्षांत साकॉल वर्षाला तीन-तीन, चार-चार चित्रपटांत गाल हलवत होता. त्यांतले बहुतेक संगीतपट.

नांदेडमध्ये हे सांगितलं तेव्हा मोबाईलवाल्यानं 'कॅसाब्लांका' तिसऱ्यांदा लावायला सांगितला. या वेळी तिसऱ्या ग्लासाला कमी हसले. मला ते खटकलं. साकॉलनं तो प्रवेश हसण्यासाठीच केला होता, आणि चांगला केला होता. आपल्याला नंतर कळलेल्या गोष्टींचा भार त्याच्या खांद्यावर टाकायचं कारण नाही. मी तसं म्हटलं. शिक्षकांना पटलं नाही. वाद वाचन सुरू होईपर्यंत चालला.

तीन राज्यं

त्या वर्गात एक गृहस्थ सुरुवातीपासून मागच्या बाकावर होते. ऐंशीच्या पुढचे, निजामाच्या राज्यात जन्मलेले, आईच्या कडेवर बार्शीच्या छावणीत गेलेले. तरुणपणी माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या तंबूबाहेर उभं राहून सोंगाड्याचं काम बघायचे आणि गावी येऊन तसंच करून दाखवायचे. पुढं मास्तर झाले, चाळीस वर्षं स्पर्धेच्या नाटकांतून दुसऱ्या अंकात येणारे पाहुणे केले. आता काम करत नाहीत, पण वाचनाला येतात आणि लोकांच्या जागा दुरुस्त करतात. त्यांच्या मते हशा वाक्यावर येत नाही, वाक्यानंतर जो श्वास घेतो त्यावर येतो. सोंगाड्याला हे माहीत असतं, बी. ए. झालेल्याला नसतं.

त्यांना मी साकॉलच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. ते १९५४ मध्ये निघालं, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. नाव 'द स्टोरी ऑफ कडल्स', आणि खाली उपशीर्षक: सम्राट फ्रान्झ जोसेफ, अ‍ॅडॉल्फ हिटलर आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्या अमलाखालचं माझं आयुष्य. तीन राजवटी एका ओळीत बसवल्या आणि स्टुडिओमालकांना हिटलरच्या शेजारची खुर्ची दिली. नको असलेलं लाडाचं नाव मुखपृष्ठावर ठेवलं, आणि ज्यानं ते ठेवलं त्याचा हिशेब त्याच मुखपृष्ठावर चुकता केला.

म्हातारबुवा खूप वेळ हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "माझे बी तीनच. निजाम, आमचे हेडमास्तर, आन् नाट्यस्पर्धेचे परीक्षक." कोणीतरी विचारलं, त्यांतला सगळ्यात वाईट कोण?

"परीक्षक," ते म्हणाले. "निजाम निदान नाटक पुरं व्हायच्या आधी उठून जात नव्हता."